चायनाला चाललाय? तिथलं रोजचं जेवण कसं शोधायचं ते सांगते

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातनं हल्ली बरेच जण चायनाला जातात, कोण उद्यमबागेतल्या कारखान्यासाठी मशीन बघायला, कोण नोकरीला, कोण एमबीबीएसला, आणि प्रत्येकाच्या घरात विषय एकच असतो की पोरगं तिकडं खाणार काय. मग मॅगीची पाकिटं, खाकरे, रेडीमेड उपमा असं सगळं बॅगेत कोंबलं जातं आणि तिथं गेल्यावर माणूस खोलीत बसून तेच खातो, खाली रस्त्यावर सकाळी सहापासून गरम नाश्ता मिळत असतो तिकडं बघत पण नाही. मी नोकरीसाठी निंगबोला, म्हणजे चायनाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शहरात राहते आणि मला मनापासून वाटतं की तिथलं साधं रोजचं जेवण आपल्या माणसाला चांगलं मानवतं, फक्त कुठं जायचं, कधी जायचं आणि काय विचारायचं तेवढं आधी कळलं पाहिजे.

पहिलं म्हणजे गाड्यावरचं चायनीज डोक्यातनं काढून टाका. मंचुरियन हे मुंबईत जन्मलं, १९७५ च्या सुमारास नेल्सन वांग यांनी केलं, चायनात ते कुणाला माहीत पण नाही. त्याचा तो लालभडक रंगही तिकडं दिसणार नाही (आपल्याकडंही गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये बंदी घातलीय, बरंच झालं ते). तिथल्या रोजच्या भाजीत लसूण, आलं, कांद्याची पात, सोया सॉस आणि खाली मोठी आच, बस्स एवढंच. पहिले काही दिवस फिक्कं लागेल, मग भाजीची स्वतःची चव कळायला लागते.

निघायच्या आधी फोन तयार करा. अलिपे आणि वीचॅट ही तिथली पैसे द्यायची अ‍ॅप्स दोन्ही घरातनंच टाकून ठेवा, २०२३ पासून परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं त्यात जोडता येतात आणि २०० युआनच्या आतल्या पेमेंटला जादा फी लागत नाही, म्हणजे नाश्ता-जेवणाला प्रश्नच नाही. बँकेत सांगून कार्डाचा इंटरनॅशनल वापर चालू करून घ्या. गूगल आणि व्हॉट्सअप तिकडच्या नेटवर चालत नाही, म्हणून फोटो काढून भाषांतर करणारं दुसरं अ‍ॅप ठेवा, कारण मेन्यू म्हणजे टेबलावर चिकटवलेला क्यूआर असतो, तो वीचॅटमधनं स्कॅन करायचा, फोटो बघून ऑर्डर द्यायची, पैसे पण तिथंच.

सुरुवात नाश्त्यापासनं करा असं मी सगळ्यांना सांगते, कारण नाश्ता स्वस्त असतो, डोळ्यासमोर बनतो आणि बोट दाखवून घेता येतो. च्येनबिंगचा गाडा शोधा. मावशी गोल तापलेल्या तव्यावर पातळ पीठ ओतते, लाकडी फिरकीनं एका झटक्यात पसरते, वर अंडं फोडून तेही तसंच फिरवते, मग कांद्याची पात, कोथिंबीर, तीळ, उलटवून ब्रशनं खारट-गोड सॉस, नंतर विचारते तिखट पाहिजे का, हो म्हणायचं, मध्ये एक तळलेला कुरकुरीत तुकडा ठेवून घडी घालते, मधोमध कापते आणि कागदात गुंडाळून देते. आपला अंड्याचा डोसाच म्हणा की. बीजिंगजवळच्या थ्येनजिनकडं हे पीठ मुगाचं असतं, बाकी ठिकाणी गहू आणि दुसरी पिठं मिसळतात. आत कधी सॉसेज पण घालतात, ते नको असेल तर मावशीनं उचलायच्या आधीच हात हलवून नको सांगा, एकदा आत गेलं की गेलं.

गाड्याशेजारी वाफेच्या टोपल्या दिसतील. मानथोउ म्हणजे आत काहीच नसलेला वाफवलेला पाव, बाओझच्या आत सारण असतं, त्यातलं छायबाओ भाजीचं, आमच्याकडं निंगबोत बहुतेक हिरव्या पाल्याचं आणि मशरूमचं. सोबत गरम सोया दूध, दोउच्यांग, आणि त्यात बुडवून खायला योउथ्याव, तळलेल्या पिठाच्या लांब काठ्या. पोट बिघडलं असेल तर श्याओमी जोउ मागा, ती राळ्याची पेज आहे, तेच राळे जे आपली आजी करायची आणि कन्नड घरात नवणे म्हणतात, उत्तर चायनात हे धान्य हजारो वर्षांपासून पिकतंय आणि तिथं आजही आजारी माणसाला, बाळंतिणीला हीच पेज देतात. नऊ-साडेनऊनंतर हे सगळं गायब होतं, उशिरा उठून उपयोग नाही.

जेवणाच्या वेळा पण लवकरच्या, दुपारी साडेअकरा ते साडेबारा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. आपल्यासारखं रात्री नऊला जेवायला निघालात तर बऱ्याच लहान दुकानांत भांडी घासायला घेतलेली असतात, आणि दोन ते पाचच्या मध्ये तर स्वयंपाकीच नसतो.

लहान दुकानं कुठली बघायची? कुठल्याही शहरात गल्लोगल्ली दोन प्रकार भेटतातच. एक लान्जोउ लाम्येन, हाताने ओढून केलेल्या नूडल्स, हे बहुतेक वायव्येकडच्या छिंगहाय, कान्सू प्रांतांतल्या मुसलमान कुटुंबांचं असतं, दारावर हिरवी छिंगजनची पाटी, म्हणजे हलाल, डुकराचं मांस अजिबात नाही. पण नीट ऐका, तिथलं सूप बीफचं असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी सूपवाल्या नूडल्स सोडून टोमॅटो-अंड्याची भाजी घातलेला भात मागायचा, त्या भाजीचं नाव शीहोंगशी छाव जीदान, हे पाठच करून टाका कारण चायनात कुठंही गेलात तरी मिळतो. दुसरं शाश्येनचं दुकान, फूजियान प्रांतातल्या शाश्येन गावाची माणसं देशभर चालवतात, तिथं बान म्येन घ्या, शेंगदाण्याच्या सॉसमध्ये कालवलेल्या नूडल्स, शेंगा खाऊन वाढलेल्या आपल्या भागातल्या माणसाला पहिल्या घासालाच आवडणार. मालाथांगला, म्हणजे आपण निवडलेलं सुपात शिजवून देणाऱ्या दुकानात, तर भाषाच लागत नाही, फ्रीजमधनं भाज्या, टोफू, नूडल्स आपणच टोपलीत घ्यायचं, ते वजन करून शिजवून देतात, मात्र सूप बहुतेक हाडांचं असतं.

आता मांसाचं. मेन्यूत नुसतं रोउ असेल तर ते डुकराचं समजा. कोंबडी जी रोउ, बकरी यांग रोउ, बीफ न्यू रोउ. घरी आई-वडिलांना शब्द दिला असेल तर हे चार शब्द पाठ करूनच विमानात बसा. शाकाहारी मंडळींनी वो छि सू सांगायचं, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण भाजीत चवीला चार मांसाचे तुकडे टाकले तरी तिथल्या स्वयंपाक्याच्या मते ती भाजीच असते. युश्यांग म्हणजे आंबट-गोड-तिखट सॉसमधली वांगी, परतलेल्या हिरव्या घेवड्याच्या शेंगा, मापो टोफू म्हणजे तिखट रश्श्यातला टोफू, या तिन्हींत बहुतेक खिमा असतो. कंपनीतल्या एखाद्या चिनी मैत्रिणीकडनं चिनीमध्ये लिहून घ्या की मांस नको, मांसाचं सूप नको, डुकराची चरबी नको, ऑयस्टर सॉस नको, आणि तो फोटो फोनमध्ये ठेवून काउंटरवर दाखवा. चरबीचं मुद्दाम सांगते कारण ती गोडातही असते, आमच्या निंगबोचे काळ्या तिळाचे थांगयुआन, म्हणजे तांदळाच्या पिठाचे सारण भरून उकडलेले गोळे, किती प्रसिद्ध, पण पारंपरिक सारणात तिळाबरोबर डुकराची चरबीच घालतात. त्यातल्या त्यात निर्धास्त खायच्या गोष्टी म्हणजे दीसानश्येन (बटाटा, वांगं, ढबू मिरची), बारीक किसलेल्या बटाट्याची आंबट-तिखट भाजी, लसूण घातलेला कुठलाही पाला, तेही चरबीचं विचारून.

निपाणी, चिकोडीकडच्या जैन घरांतली पोरं मला नेहमी विचारतात. त्यांनी बौद्ध मंदिराजवळची शाकाहारी खानावळ शोधावी, तिथं कांदा-लसूण पण नसतो. बटाटा, कमळकाकडी मात्र असते, ते बघून घ्यायचं. निंगबोत तर सम्राट अशोकाच्या नावाचं मंदिर आहे, आयूवांग, तिकडं गेलात तर असं साधं जेवण जरूर बघा. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, बरेच बौद्ध लोक शाकाहार पाळतात, तेव्हा गर्दी असते.

तिखटाचं सांगायचं तर संकेश्वरी मिरची पचवलेल्या माणसाला सिचुआनचं जेवण जड नाही, पण तिथं मिरचीबरोबर ह्वाज्याव असतं, त्यानं ओठ आणि जीभ झिणझिणते आणि नवीन माणूस घाबरतो. घाबरू नका, ते आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड आहे, बांगड्याच्या कालवणात घालतो ते. इथल्यासारखंच त्याचंही साल वापरतात, आतलं काळं बी टाकून देतात, दाताखाली कचकच येतं म्हणून. नको असेल तर ताटातनं काडीनं बाजूला करायचं, चावायचं नाही. खोलीत ठेवायला लाओ गान माची बाटली घ्या, क्वेजोउ प्रांतातली तेलातली मिरची, भातावर घातली की भाजी नसली तरी भागतं. फक्त लेबल बघा, काहीत मांस असतं.

महिनाभर राहणार असाल तर भाजीमंडईत जायलाच हवं, मला तर अख्ख्या शहरात तीच जागा सगळ्यात आवडते. भाव किलोचा नसतो, चिनचा असतो, एक चिन म्हणजे ५०० ग्रॅम, त्यामुळं फळ्यावरचा आकडा दुप्पट करून किलोचा हिशोब करा. दहा लियांगचा एक चिन. कारलं, घोसाळी, कोहळा, लाल माठ, चवळीच्या लांब शेंगा, अळकुड्या, नाळीची भाजी, सगळं ढिगानं मिळतं आणि ताजं असतं. सकाळी जा, भाजीवालीला आयी, म्हणजे मावशी, म्हणून हाक मारा, थोडी ओळख झाली की चार कांद्याच्या पाती फुकट घालते.

उपासाची चिंता पण नको, थंडीत रस्त्यावर पिंपात भाजलेलं रताळं मिळतं, आतनं मधासारखा पाक सुटलेला, बाकी वेळ फळं, शेंगदाणे, गोड दही.

भाकरीशिवाय चैन पडत नाही त्यांनी ताओबाओ या ऑनलाइन खरेदीच्या अ‍ॅपवर काओल्यांगचं पीठ शोधावं, तो आपला जोंधळाच, तिकडं त्याची मुख्यत्वे दारू करतात, माओताय त्याचीच. पीठ लालसर येतं, गरम पाण्यात मळा.

इकडनं न्यायचं तर हिंग, हळद, मोहरी आणि घरचा कांदा-लसूण मसाला एवढंच न्या. तूप आणि कुंदा मात्र बॅगेत घालू नका, दुधाचे पदार्थ तिथल्या कस्टमच्या मनाईच्या यादीत आहेत, तपासणीत काढून घेतात, तो कुंदा बेळगावातच खाऊन निघा.