अध्यक्ष नको, चहा हवा: गप्पांची बैठक कशी बसवावी

पहिली बैठक मीच बिघडवली, तीही चांगल्या हेतूनं. कराडला आमच्या वरच्या खोलीत चौदा माणसं बोलावली, विषय ठेवला ‘महाराष्ट्राची वैचारिक परंपरा’, आणि ओळखीच्या एका प्राध्यापकांना म्हटलं, सर, तुम्ही जरा सुरुवात करून द्या. सरांनी एक तास वीस मिनिटं सुरुवात केली. मग कुणीतरी आभार मानले आणि सगळे जिना उतरून घरी गेले.

त्याला आता नऊ वर्षं झाली. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी साडेपाचला आम्ही बसतो. साहित्य, राजकारण, इतिहास, जे हाताला लागेल ते. शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळं वर्ग गप्प कसा करायचा हे मला येत होतं. बोलता कसा करायचा हे या खोलीत शिकले. तुम्हाला अशी बैठक सुरू करायची असेल तर आधी हार, नारळ, प्रमुख पाहुणे आणि अध्यक्षीय समारोप एवढं सगळं वजा करा. उरेल ती बैठक.

माणसं आठ ते बारा. पंधराव्या माणसाबरोबर भाषण येतं.

विषय मात्र नीट निवडा, कारण निम्मं काम तिथंच होतं. ‘टिळक-आगरकर वाद’ हा विषय नव्हे. त्यावर प्रत्येकाकडं शाळेतलं उत्तर तयार असतं. त्याऐवजी चहाचा कप घ्या. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली. मंडळींत रानडे होते, टिळकही होते. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. कुणी प्यायलं, कुणी नुसता कप हातात धरला, याचीसुद्धा चर्चा झाली. पुढं रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. इतकंच सांगायचं आणि विचारायचं: सुधारकांच्या पुढाऱ्यानं प्रायश्चित्त घ्यावं का? आमच्याकडं त्या संध्याकाळी एक निवृत्त तलाठी म्हणाले, “बाई, माझ्या पोरीच्या लग्नात मी असंच केलंय.” मग ते पंधरा मिनिटं बोलले आणि कुणीही मध्ये तोंड घातलं नाही. वैचारिक परंपरेवर त्यांनी आयुष्यात एक वाक्य बोललं नसतं.

विषयासोबत एक पान हवं. एकच. पुस्तक वाचून या म्हटलं की तिघं वाचून येतात, पाचजण वाचल्यासारखं करतात आणि बाकीचे येतच नाहीत. पान झेरॉक्स करा, अक्षर मोठं करून. साठीच्या पुढची माणसं चष्मा घरी विसरतात आणि ते कबूल करत नाहीत. पान मोठ्यानं वाचायचं, ज्याचा आवाज बरा त्यानं नव्हे तर जो कमी बोलतो त्यानं. 1885 च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण नाकारताना जोतीराव फुल्यांनी रानड्यांना लिहिलेलं पत्र यासाठी फार उत्तम. त्यातले ‘घालमोडे दादा’, हा फुल्यांनी उच्चवर्णीय ग्रंथकारांना मारलेला टोमणा, वाचणाऱ्याच्या तोंडून बाहेर पडले की खोलीत एक हसू उमटतं, आणि लगेच कुणीतरी अस्वस्थ होऊन मांडी बदलतं. मांडी बदलणाऱ्याला पहिल्यांदा विचारा.

बसायची सोय: सतरंजी आणि भिंतीकडं चार खुर्च्या, गुडघ्यांसाठी. जो सर्वांत जास्त बोलतो त्याला समोर बसवू नका. समोर बसला की तो तुमच्याशीच बोलतो आणि तुम्ही मान हलवत राहता. त्याला शेजारी घ्या. कोपरानं हळूच ढोसता येतं.

चहा थर्मासमध्ये आधीच करून ठेवा. हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर ऐन रंगात दोघी-तिघी आत चहा ठेवायला उठायच्या आणि परत यायच्या तेव्हा विषय पुढं गेलेला असायचा. आता थर्मास कोपऱ्यात असतो आणि कप पुरुष विसळतात. सुरुवातीला एक कप फुटला, एवढंच नुकसान. डब्यात प्रत्येकी वीस रुपये टाकतो; त्यात चहा आणि झेरॉक्स भागतं.

सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे शंकावही. दोनशे पानी, साधी. भांडणं दोन जातीची असतात: काय घडलं याचं भांडण आणि त्यातून काय समजायचं याचं भांडण. पहिलं तोंडानं मिटत नाही, पण संध्याकाळ खातं. ते वहीत लिहायचं आणि पुढं जायचं. आमच्याच गावचं उदाहरण देते. 1975 चं साहित्य संमेलन कराडला झालं. आणीबाणी चालू, अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेही केंद्रात परराष्ट्रमंत्री असताना. दुर्गाबाई आणीबाणीविरुद्ध बोलल्या. आमचे एक अण्णा ठासून म्हणाले, त्यांना इथंच व्यासपीठावरून धरून नेलं. दुसरे म्हणाले, छे! आवाज चढले. मी वही उघडली, प्रश्न लिहिला, अण्णांची सही घेतली. ज्यानं दावा केला त्यानंच पुढच्या महिन्यात शोधून आणायचं, हा नियम. अण्णा नगरपालिकेच्या वाचनालयात जाऊन बसले आणि स्वतःच सांगत आले की अटक नंतरची, 1976 मधली, मुंबईत एशियाटिक सोसायटीतली. हरले, पण किल्ला जिंकून आल्यासारखे सांगत होते. आणि वादाचा उरलेला भाग, म्हणजे सत्तेत बसलेल्या माणसानं असं संमेलन आपल्या गावात भरवावं का आणि भरवल्यावर मान खाली घालून ऐकावं का, त्यावर आम्ही दोन शनिवार घालवले. कराडात यशवंतरावांबद्दल बोलणं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल बोलणं. तरी बोललो.

चालू राजकारण टाळा असं मी सांगणार नाही. टाळलं तर माणसं चहा पिताना तेच बोलतात. फक्त एक अट घाला: पुढाऱ्याचं नाव घ्यायचं तर सोबत एक निर्णय आणि त्याचं साल सांगायचं. “तो चोर आहे” चालत नाही. “अमुक साली अमुक कायदा केला, त्यानं माझ्या उसाच्या बिलाचं असं झालं” चालतं. निम्म्या शिव्या या अटीतच गळतात. ‘तुमचे लोक’ हा शब्दप्रयोग बंद. आडनावावरून कोण काय बोलणार याचा अंदाज बांधायची आपल्याकडं फार जुनी खोड आहे. म्हणून आमच्याकडं सगळे काका, अण्णा, वहिनी, ताई. व्हॉट्सॲप गटावर फक्त तारीख आणि पान. फॉरवर्ड टाकणाऱ्यानं पुढच्या वेळी भजी आणायची.

गप्प माणसाला “तुम्हाला काय वाटतं?” विचारू नका, ती परीक्षा वाटते. “तेव्हा तुमच्या घरी रेडिओ होता का?” असं विचारा.

एकदा माझा तोल गेला. एका काकांना मी सगळ्यांसमोर “हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलंत, दाखवा” असं शिक्षिकेच्या आवाजात विचारलं. ते सात महिने आले नाहीत. मग मीच त्यांच्या घरी गेले. विषय काढला नाही, नुसती पुढच्या महिन्याची झेरॉक्स दिली आणि म्हटलं, मोठ्यानं तुम्ही वाचाल का. आले. प्रश्न आता मी वहीला विचारते, माणसाला नाही.

घड्याळ भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं लावा आणि सात वाजता थांबवा, वाद रंगात असला तरी. रंगात असला तर नक्कीच. आणि जिन्यातला दिवा चालू ठेवा. चपला घालता घालता माणसं तिथं अजून अर्धा तास बोलत उभी राहतात, आणि खोलीत जे तोंडून निघालं नाही ते तिथं निघतं.