जुन्या आगबोटीचे कामकाज कसे मांडावे

सरोवरावरच्या एखाद्या जुन्या उतारू आगबोटीच्या कामकाजाचा इतिहास लिहायचा असेल, तर सुरुवात नकाशापासून करावी, कारण तिच्या वाट्याला आलेले कष्ट पाण्याने ठरवलेले असतात. उदाहरणासाठी येथे ‘वॉक-इन-द-वॉटर’ घेतली आहे. वायंडॉट या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीच्या एका प्रमुखाचे नाव मिळालेली ही बोट 1818 साली बफेलोजवळच्या ब्लॅक रॉक येथे बांधली गेली आणि उत्तर अमेरिकेतल्या एरी सरोवरावरची ती पहिली आगबोट ठरली. नकाशात ब्लॅक रॉक शोधल्यास ते नायगारा नदीच्या काठी आढळते. ही नदी सरोवरातून बाहेर वाहते. म्हणजे सरोवर गाठण्यासाठी बोटीला जोरदार प्रवाहाविरुद्ध वर चढावे लागे आणि तिच्या यंत्राला ते एकट्याने झेपत नसे. त्यामुळे काठावरून बैल जुंपून, दोर लावून तिला ओढत नेत. मोजमापांच्या तक्त्यात हे बैल कुठेच दिसत नाहीत.

त्यानंतर यंत्र आणि इंधन यांचा विचार करावा. दोन्ही बाजूंची चाके फिरवणारे हे यंत्र कमी दाबाच्या वाफेवर चाले. अशा यंत्रात वाफेवर गार पाणी सोडून तिचे पुन्हा पाणी केले जाते, आणि सरोवराचे पाणी गोडे असल्यामुळे तेच मिश्रण बॉयलरला पुरवता येते. समुद्रावरच्या बोटींना मिठाचे थर साचू नयेत म्हणून बॉयलरमधले खारट पाणी वारंवार काढून टाकावे लागे. भट्टीत लाकूड जळत असे. लाकडाचा हिशेब ‘कॉर्ड’ या मापात मिळतो. एक कॉर्ड म्हणजे 128 घनफूट रचलेले लाकूड. जुन्या नोंदीत कॉर्डांचा आकडा सापडला, तर त्याचे घनफूट करून पाहावे, म्हणजे डेकवरची किती जागा सरपणाने व्यापली असेल आणि वाटेतले थांबे का टाळता येत नसत, हे लगेच लक्षात येते. शिवाय बोटीवर डोलकाठ्या आणि शिडेही होती. अनुकूल वारा फुकट मिळत असताना तो सोडून देण्याइतका विश्वास तेव्हा यंत्रावर कुणाचाच नव्हता, आणि तो नसणे शहाणपणाचेच होते.

वेळापत्रक मांडताना प्रवासाचे दिवस आणि चाके फिरण्याचे तास वेगळे ठेवावेत. ऑगस्ट 1818 मधल्या पहिल्या फेरीत ब्लॅक रॉकहून डेट्रॉइटला पोहोचायला सुमारे चार दिवस लागले, पण प्रत्यक्ष चालण्याचा काळ सुमारे 44 तासांचाच होता. उरलेला वेळ थांब्यांवर गेला असे समजावे. सरोवराकाठच्या एरी, क्लीव्हलँड, सँडस्की या ठिकाणी आजच्यासारखे धक्के नव्हते. नद्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे साचत आणि मोठ्या बोटीला बाहेरच थांबावे लागे. कोकणच्या बंदरांत बोट लांब उभी राहून उतारू पडावातून ये-जा करत, त्याच पद्धतीने येथेही लहान होड्या वापरल्या जात. भोंगा अजून आलेला नव्हता, म्हणून आगमनाची वर्दी छोट्या तोफेच्या बाराने दिली जाई.

भाड्याचा तक्ता मिळाला तर तो नीट वाचावा, कारण केबिनमधल्या आणि खालच्या वर्गातल्या भाड्यातली तफावत बोटीवरची माणसे कोण होती हे सांगते. हंगामाची नोंद थोडक्यात पुरते: हिवाळ्यात सरोवर गोठते, त्यामुळे वर्षाची कमाई बर्फ नसलेल्या महिन्यांतच करावी लागे.

शेवटी बोट बुडाली किंवा मोडीत निघाली, तरी वही मिटू नये. 31 ऑक्टोबर 1821 रोजी ‘वॉक-इन-द-वॉटर’ बफेलोजवळ वादळात सापडली, नांगर धरेनात आणि दुसऱ्या दिवशी ती किनाऱ्यावर चढली; माणसे वाचली, सांगाडा मात्र निकामी झाला. यंत्र काढून घेण्यात आले आणि 1822 साली बफेलोत बांधलेल्या ‘सुपीरियर’मध्ये बसवण्यात आले. पुढे ते मिशिगनमधल्या सॅगिनॉ येथील लाकूड कापण्याच्या गिरणीत गेले. त्यामुळे सांगाडा आणि यंत्र यांच्या नोंदी आरंभापासूनच वेगवेगळ्या पानांवर ठेवाव्यात, आणि यंत्राच्या पानावर बरीच जागा मोकळी सोडावी.