जहाजावरची ओळख नाशिकपर्यंत कशी आणावी

क्रूझचे आरक्षण करताना केबिनला खिडकी आहे का, जैन जेवण मिळेल का आणि मुंबईच्या बॅलार्ड पिअरला वेळेत पोहोचण्यासाठी नाशिकहून किती वाजता निघावे, एवढे आपण हटकून विचारतो. जेवणाच्या टेबलावर आपल्या शेजारी कोण असेल, हे मात्र कोणीच विचारत नाही. आमच्या पहिल्या क्रूझला आम्ही नाशिकच्याच सव्वीस जणांच्या गटातून गेलो, सगळ्या रात्री एकाच कोपऱ्यात खुर्च्या ओढून बसलो, घरून आणलेला चिवडा आपसांत संपवला आणि परतताना कसारा घाटात माझ्या लक्षात आले की, जहाजावरच्या एवढ्या माणसांमधून आपण कॉलेज रोडच्याच माणसांना नव्याने भेटून आलो आहोत. दुसऱ्या वेळी आम्ही दोघेच कोचीमार्गे लक्षद्वीपला गेलो, आणि त्या पाच रात्रींतून कोइंबतूरचे एक जोडपे आमच्या घरचे झाले. पुढील सूचना या दोन प्रवासांतल्या फरकातून आलेल्या आहेत.

अनोळखी माणसांशी मैत्री होण्यासाठी बोलघेवडेपणा लागतो, हा समज आधी सोडून द्यावा. पंचवटी एक्सप्रेसने वर्षानुवर्षे नाशिकरोड ते मुंबई ये-जा करणारे पासधारक पाहिले, तर त्यांच्यात अबोल माणसे कमी नसतात. तरीही त्यांचे वाढदिवस डब्यात साजरे होतात, दसऱ्याला गाडीची पूजा होते आणि कोणी दोन दिवस दिसला नाही तर घरी फोन जातो. रोज तीच वेळ आणि तीच जागा, एवढ्यावर हे सगळे उभे राहते. जहाजावर हेच करायचे असते, फक्त त्यासाठी पाच वर्षांऐवजी पाच दिवस मिळतात. म्हणून प्रवास शक्यतो चार रात्रींपेक्षा कमी नसावा आणि त्यात निदान एक संपूर्ण दिवस समुद्रावरचा असावा, कारण बंदराच्या दिवशी सगळे घाईत असतात आणि समुद्रावरच्या दिवशी कोणालाही कुठे जायचे नसते.

जेवणाची व्यवस्था हा यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. अनेक जहाजांवर बुफेशिवाय एक मोठे भोजनगृह असते आणि तेथे काही कंपन्या ठरावीक वेळ व ठरावीक टेबल देतात, तर काही कंपन्या हवे तेव्हा येऊन बसण्याची मुभा देतात. पर्याय असल्यास ठरावीक वेळ निवडावी आणि सहा किंवा आठ जणांचे सामायिक टेबल मागावे. ही विनंती पहिल्याच दुपारी, जहाजावर चढल्याबरोबर, भोजनगृहाच्या व्यवस्थापकाकडे करावी. रात्रीपर्यंत थांबल्यास टेबले लागून गेलेली असतात. शेजारी बसलेल्या माणसांशी अजिबात जमले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच व्यवस्थापकाला हळूच सांगून टेबल बदलून घेता येते, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. जेथे ठरावीक टेबल मिळत नाही, तेथे सकाळचा चहा रोज त्याच वेळी, त्याच डेकवर, त्याच खिडकीपाशी घ्यावा.

पहिल्या ओळखीची उत्तम संधी सुरक्षा कवायतीच्या, म्हणजे संकटात काय करावे याच्या सरावाच्या वेळी मिळते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. पुढे नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. काही जहाजांवर आता केबिनमधल्या टीव्हीवर चित्रफीत पाहून नेमलेल्या जागी फक्त हजेरी लावायची असते, तर काहींवर सर्वांना एकत्र उभे करतात. हा प्रसंग गंभीर असतो आणि सूचना नीट ऐकल्याच पाहिजेत. पण कवायत संपली की नारिंगी लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांत अडकलेला प्रत्येक जण सारखाच अवघडलेला असतो. आमची ओळख तेथेच झाली. माझ्या शेजारच्या बाईंच्या जॅकेटची शिट्टी त्यांच्या मंगळसूत्रात अडकली होती, ती मी सोडवली, आणि आम्ही दोघी मोडक्या हिंदीत हसलो. नाव विचारण्याची वेळ दुसऱ्या दिवशी आली.

गप्पांची सुरुवात कशी करावी, यावर नाशिककरांना फारसे शिकवावे लागू नये. पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरी यात्रेकरू आला की तीर्थोपाध्याय त्याला पहिल्यांदा गाव विचारतात आणि मग वह्यांमधून त्याच्या पणजोबांपर्यंत पोहोचतात. जहाजावर गाव विचारावे आणि पणजोबांपर्यंत जाऊ नये. आडनावावरून पुढचे अंदाज बांधणे, निवृत्तिवेतनाचा आकडा, मुलांची लग्ने आणि नातवंडे अजून का नाहीत, हे प्रश्न आपल्याकडे आपुलकीने विचारले जातात हे खरे. पण ते ऐकणाऱ्याला सुट्टीतही घरच्या चौकशीला उत्तर दिल्यासारखे वाटते. त्यापेक्षा माणसाच्या कामाबद्दल बारकाईने विचारावे. त्या बाईंचे यजमान कोइंबतूरला पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना चालवत असत. माझे माहेर निफाडजवळचे, द्राक्षांचे. आमच्या मळ्यातल्या विहिरीवरची मोटार कोइंबतूरचीच होती आणि ती दर उन्हाळ्यात जळायची. हे मी सांगताच ते गृहस्थ खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "पाणी तळाला गेल्यावरही मोटार चालू ठेवत असणार. कोरडी फिरली की जळणारच." माझ्या भावाने तीस वर्षे ज्या मोटारीला शिव्या दिल्या, तिचा वकील मला अरबी समुद्रात भेटला, आणि नंतरचे दोन तास आम्ही विहिरींवर बोललो.

ज्यांना बोलणे जड जाते, त्यांनी पत्त्यांचा कॅट न्यावा. बदाम सात हा डाव वेगवेगळ्या नावांनी भारतभर खेळला जातो, त्याला भाषा लागत नाही आणि प्रत्येक घरचे नियम थोडे निराळे असल्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच प्रेमळ वाद सुरू होतो. हातात सोडण्याजोगे पान असताना "पास" म्हणता येते का, या एकाच प्रश्नावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. जहाज डोलू लागले की पाने टेबलावरून घसरतात; खाली किंचित ओलसर नॅपकिन पसरल्यास ती जागेवर राहतात. पैसे लावून मात्र खेळू नये. घरी शिजवलेले अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. चिवड्याची सीलबंद पाकिटे सहसा चालतात, तरी आपल्या कंपनीचा नियम आधी वाचावा. फोडलेले पाकीट टेबलाच्या मधोमध ठेवले, तर पलीकडचा हात आपोआप पुढे येतो.

किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते आणि जहाजाचे उपग्रहावरचे नेटवर्क महाग असते, म्हणून फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा. ही गैरसोय मैत्रीच्या पथ्यावर पडते. पण आपण भेटायचे ठरवले आणि दुसरा आला नाही, तर त्याला संदेश पाठवता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. भेटीची वेळ आणि डेक नेमका सांगावा, आणि "संध्याकाळी बघू" असे मोघम बोलू नये.

बंदरावर नव्या ओळखीच्या माणसांसोबत उतरावे की नाही, याबाबत माझे मत असे आहे की अर्धा दिवस सोबत घालवावा आणि अर्धा आपला ठेवावा. कोचीत आम्ही चौघांनी मिळून टॅक्सी केली. मासेमारीची चिनी जाळी सगळ्यांना पाहायची होती, पण मट्टनचेरीच्या १५६८ सालच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मला तासभर थांबायचे होते आणि त्यांना मसाल्याच्या दुकानांत. दोन्हीकडे घाई झाली आणि परतीच्या रस्त्यावर टॅक्सीत अवघड शांतता पसरली. जहाजावर परतण्याची शेवटची वेळ पाळावीच लागते, कारण जहाज कोणा एकासाठी थांबत नाही, म्हणून कोण कोठे किती वेळ थांबणार हे उतरण्यापूर्वीच बोलून घ्यावे. खर्चाची वाटणी त्याच दिवशी संपवावी. जहाजावर प्रत्येकाचा खर्च त्याच्या स्वतःच्या कार्डावर पडत असल्याने "मी देतो, मी देतो" ही ओढाताण सहसा होत नाही. ती बंदरावर सुरू होते.

सावधगिरीबद्दल थोडेच लिहिते, पण ते गांभीर्याने घ्यावे. केबिनचा क्रमांक पहिल्या दिवशी कोणाला सांगू नये, आणि एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांनी तर भेटीगाठी डेकवर किंवा भोजनगृहातच ठेवाव्यात. दुसऱ्याचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. आमच्या टेबलावरच्या एका अत्यंत मिठ्ठास गृहस्थांनी तिसऱ्या रात्री गुंतवणुकीची एक योजना बाहेर काढली. त्यानंतर आम्ही नम्रपणे चहाची वेळ बदलली. जहाजावरच्या कर्मचाऱ्यांत गोव्याची आणि कोकणातली मुले भेटतात आणि मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळतो. पण ती कामावर असतात आणि प्रवाशांशी किती जवळीक ठेवावी याचे नियम त्यांना असतात, म्हणून दोन शब्द आपुलकीने बोलावे आणि त्यांना अडवून ठेवू नये.

फोन क्रमांक शेवटच्या सकाळी घेऊ, असे म्हणणारे ते बहुधा घेतच नाहीत. मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात, सकाळचा नाश्ता धावपळीत उरकतो आणि उतरण्याच्या रांगेत माणसे चुकतात. म्हणून शेवटून दुसऱ्या संध्याकाळी कागदावर क्रमांक लिहून घ्यावेत. घरी येऊन ते साठवताना नावापुढे ओळखीची खूण लिहावी. माझ्या फोनमध्ये त्या बाई अजूनही "शिट्टी कोइंबतूर" या नावाने आहेत.

घरी परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत एक ठोस गोष्ट करावी. रोजच्या शुभ सकाळच्या चित्रांनी ओळख टिकत नाही, उलट समोरचा माणूस आपल्याला म्यूट करून ठेवतो. मी त्या गृहस्थांना भावाच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पाटीचे छायाचित्र पाठवले, त्यावर त्यांचा लगेच फोन आला, आणि बोलता बोलता फेब्रुवारीचे आमंत्रण ठरले. "कधीतरी नाशिकला या" या आमंत्रणाला कोणी येत नाही. महिना आणि किती मुक्काम हे सांगावे लागते. आमच्याकडे जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत बागांमध्ये द्राक्षे असतात, हवाही बरी असते. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र सिंहस्थाच्या पर्वण्या असल्यामुळे, पाहुण्यांना स्नानासाठीच यायचे नसेल, तर त्या काळात बोलावू नये.

ते आले, तेव्हा पहिल्या सकाळी आम्ही मिसळ खायला गेलो आणि त्यांच्यासाठी तर्री वेगळ्या वाटीत मागितली. बाईंनी ती वाटी सरळ मिसळीवर ओतली आणि आमच्या ह्यांना पाणी प्यावे लागले. दुपारी निफाडला त्यांच्या यजमानांनी विहिरीत डोकावून मोटार कोठवर सोडावी हे भावाला सांगितले, आणि भावाने प्रथमच कोणाचे तरी ऐकले.

जाताना पाहुण्यांना ताजी द्राक्षे द्यायचा मोह होतो, पण रेल्वेच्या लांबच्या प्रवासात ती चेपून त्यांचा रस सुटतो. त्याऐवजी बेदाणे द्यावेत, आणि नाशिककर असूनही सांगते, तासगावचे मिळाले तर तेच घ्यावेत.