पफबॉल ओळखताना या चुका टाळा

पावसाळा लागला की गोल, पांढऱ्या अळंबीचे फोटो यायला लागतात आणि सोबत तोच प्रश्न: "हा पफबॉलच ना? खाऊ का?" नुसत्या बाहेरच्या फोटोवरून मी कधीच हो म्हणत नाही. पफबॉल म्हणजे छत्री नसलेली, कोवळेपणी आतून एकसंध पांढरी गोल अळंबी. त्याची खात्री कापल्यावरच करता येते.

न कापता ठरवणं ही सगळ्यात घातक चूक. अमानिटा नावाची विषारी, छत्रीची अळंबी कोवळी असताना पांढऱ्या अंड्यासारख्या आवरणात असते आणि छोट्या पफबॉलसारखीच दिसते. उत्तराखंडात देवदाराच्या रानात आमच्या पुण्याच्या गटातल्या एका मुलानं पिशवीभर गोळे आणले. मोबाइलच्या अ‍ॅपनं पफबॉल सांगितलं होतं आणि पातेलं चुलीवर चढलंही होतं. मी एकेक गोळा उभा चिरायला बसलो. वरचे सगळे आतून पनीरसारखे पांढरेशुभ्र. तळाच्या एकात मात्र मिटलेल्या छत्रीचा आकार दिसला. टोपी, पात्या, देठ, सगळं. "दादा, एकच आहे, तो काढून टाकू ना," तो मुलगा म्हणाला. पिशवीत चुरा झाला होता, मी सगळंच फेकायला लावलं. जीवघेण्या अमानिटांचं विष शिजवून जात नाही. उलट्या-जुलाब साधारण 6 ते 24 तासांनी सुरू होतात, मध्ये बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होत असतं.

म्हणून प्रत्येक गोळा शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरा. आडव्या कापात छत्री निसटू शकते. एवढाही धीर नसेल त्यानं रानातली अळंबी खाऊ नये.

जाड सालीचा, टणक, आतून जांभळट-काळा गोळा म्हणजे स्क्लेरोडर्मा. तो विषारी. कोवळा असताना तोही आतून पांढुरका असतो, म्हणून साल जाड दिसली की मी तिथेच सोडतो. झारखंडात सालवृक्षांखालचा रुगडा, म्हणजे अशीच एक गोल अळंबी, आवडीनं खातात, पण ती वेगळी जात आहे आणि तिथले लोक ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. त्या भरवशावर इकडचा गोळा तोंडात घालू नका.

आत बुळबुळीत थर असेल तर तो पफबॉल नाही.

खरा पफबॉलही आतून पिवळट किंवा हिरवट झाला की खायचा नाही.

चांदीचं नाणं, लसूण, तांदूळ घालून विष कळत नाही.

सुकलेला पफबॉल दाबून आतली पूड धुरासारखी उडवताना तोंड लांब ठेवा. 1994 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ही पूड मुद्दाम हुंगून 8 तरुणांना फुफ्फुसाचा आजार झाला होता.

मी रानातली अळंबी शिजवली की त्यातली एक कच्ची, अख्खी, कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवतो. कुणाला त्रास झालाच तर ती घेऊन थेट रुग्णालय गाठायचं.