विकलनाचे नियम पाठ करण्याआधी फरक हाताने काढावा

बारावीपर्यंत वाणिज्य शाखेत गणित न घेतलेल्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात विकलन, म्हणजे बदलाचा दर काढण्याची रीत, जड जाते, कारण नियम तोंडपाठ होतात, पण त्यांमागचे आकडे कधी हाताखालून गेलेले नसतात. त्यासाठी एक उदाहरण वहीत स्वतः सोडवावे. ‘न’ नगांचा एकूण खर्च १०० + ५न + न² रुपये आहे असे धरल्यास १० नगांना २५० रुपये लागतात आणि ११ नगांना २७६, म्हणजेच अकराव्या नगाचा खर्च २६ रुपये येतो. विकलनाने मात्र ५ + २न मिळते आणि १० नगांपाशी त्याची किंमत २५ भरते. हा एक रुपयाचा फरक सोडून पुढे जाऊ नये, कारण सगळे मर्म त्यातच आहे. वाढ ०.१ नगाची घेतली की खर्च २.५१ रुपयांनी वाढतो, म्हणजे दर नगामागे २५.१, वाढ ०.०१ घेतली की २५.०१. वाढ शून्याजवळ नेताना आकडा ज्या २५ जवळ सरकतो, तोच सीमांत खर्च. आणि १०० रुपयांचा स्थिर खर्च त्यात का उरत नाही, हेही वजाबाकी करतानाच दिसते.

वित्तासाठी लॉगॅरिदम (लॉग), म्हणजे घातांक शोधण्याची रीत, हाही असाच शिकावा. ८ टक्के वार्षिक चक्रवाढीने रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल, हे २ च्या लॉगला १.०८ च्या लॉगने भागून काढावे. उत्तर सुमारे ९ येते, मग १ ला १.०८ ने नऊ वेळा गुणून ते पडताळावे.