पूर ओसरल्यानंतर एकट्या ज्येष्ठांना स्वतःच्या घरी पुन्हा उभे करण्यासाठी मंडळांनी काय करावे

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेने शिरोळ, पलूस भागातील गावे बुडवली, तर जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा वेळी धान्य आणि चादरी भरपूर येतात. परंतु एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना पुण्या-मुंबईच्या मुलाकडे कायमचे हलवावे लागू नये, यासाठी तरुण मंडळाने किंवा बचत गटाने वेगळे काम हाती घ्यावे लागते.

मे महिन्यातच आशाताईंना सोबत घेऊन वाडीनिहाय यादी करावी. तीत प्रत्येकाच्या रोजच्या गोळ्या, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि काठी यांची नोंद असावी, कारण छावणीत नेमक्या याच वस्तू मागे राहतात आणि चष्म्यावाचून माणूस गोळीही ओळखू शकत नाही. प्रत्येक ज्येष्ठामागे शेजारचाच एक सोबती नेमावा.

पाणी उतरल्यावर गाळ काढण्याचे काम तरुणांनी करावे. लेप्टोस्पायरोसिसचा (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा) धोका असल्याने ज्येष्ठांना चिखलात उतरू देऊ नये. मात्र भांडी कुठे लावायची, काय टाकायचे आणि काय ठेवायचे, हे त्यांनीच ठरवावे. (उत्साही कार्यकर्ते जुनी ट्रंक न विचारता उकिरड्यावर टाकतात, आणि कागद बहुधा तिच्यातच असतात.) आधी संपूर्ण घर नव्हे, तर स्वयंपाकाचा ओटा, झोपण्याची जागा आणि शौचालयापर्यंतची वाट एवढेच साफ करावे. शेवाळलेल्या पायरीशी आधाराला बांबू बांधावा. वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये.

तलाठी पंचनाम्याला येतील त्या दिवशी ज्येष्ठ व्यक्ती घरी असेल असे पाहावे, आणि नुकसानीचे फोटो त्याआधीच काढून ठेवावेत. खरी अडचण पुढे येते: सिमकार्ड वाहून गेल्यामुळे ओटीपी येत नाही, झिजलेल्या बोटांचे ठसे रेशन दुकानात जुळत नाहीत. म्हणून सिम आधी मिळवावे. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो. श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा झाले का, याची खात्री सोबत्याने करून द्यावी, परंतु पासबुक आणि पिन स्वतःकडे घेऊ नये.

घरच्यांकडून छळ किंवा फसवणूक होत असल्यास १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या मोफत हेल्पलाइनवर कळवावे. पहिल्या महिन्यानंतर सोबत्याने घरून दिला जाणारा जेवणाचा डबा हळूहळू बंद करून फक्त बाजार आणून द्यावा, आणि तब्येत साथ देत असेल तर पुढे बाजारालाही त्यांनाच बरोबर न्यावे.