सुपरस्टिशनची धार चालताना या चुका टाळा

"राजगड-तोरणा केलाय हो, हे काय त्यापुढे?" थंडी सुरू झाली की फिनिक्स-चँडलरकडच्या आपल्या मंडळींकडून हे ऐकायला मिळतंच. ॲरिझोनातल्या सुपरस्टिशन पर्वताच्या धारेची ही वाट कार्नी स्प्रिंग्जपासून चढते, ५,०५७ फुटांच्या सुपरस्टिशन शिखराजवळून फ्लॅटआयर्न नावाच्या सपाट माथ्याच्या कड्यावर येते आणि सायफन ड्रॉच्या घळीतून लॉस्ट डचमन पार्कात उतरते. सगळी मिळून सुमारे १८ किलोमीटर. एवढंच का, असं वाटतं आणि तिथेच घात होतो.

राजगड-तोरण्याला टाकी आहेत, वाटेत कुणीतरी लिंबू सरबत विकत बसलेलं असतं. या धारेवर पाण्याचा भरवसाच नाही. कार्नी स्प्रिंग्ज नावात झरा आहे म्हणून तिथे बाटल्या भरू म्हणणारेही भेटलेत! हवा इतकी कोरडी की घाम अंगावर टिकतच नाही, त्यामुळे आपण किती सुकलोय ते डोकं दुखायला लागल्यावर कळतं. मी डिसेंबरातही पाच लिटर पाठीवर घेतो, शिवाय उतरल्यावर प्यायला एक मोठा कॅन उतरायच्या ठिकाणी ठेवलेल्या गाडीत. ओझं होतं म्हणणाऱ्याला मी सोबत नेत नाही. खारे शेंगदाणे, लोणच्याची फोड जवळ असू द्या.

उन्हाळ्यात जाऊ नका. फिनिक्समध्ये कडक उन्हाच्या दिवसांत कॅमलबॅकसारखी छोटी टेकडीसुद्धा भर दिवसा बंद ठेवतात. यावर चर्चा नको.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार: उशिरा निघणं आणि मग 'शॉर्टकट' शोधणं. डिसेंबरात इथे संध्याकाळी साडेपाचच्या आधी सूर्य मावळतो. चांगल्या चालणाऱ्यालाही आठ-दहा तास लागतात, कारण धार सरळ नाही. एक उंचवटा संपला की खिंड, खिंडीतून पुन्हा चढ, मध्येच दगडांचे सुळके, आणि वाट कॅटक्लॉच्या काटेरी झुडपांत गडप. तरी लोक पोहे-चहा उरकून नऊ वाजता येतात.

एका नाताळच्या सुट्टीत आमच्यातले दोघे तरुण पुढे पळाले. मागच्यांसाठी थांबणं त्यांना जड जात होतं. आम्ही फ्लॅटआयर्नच्या वरच्या खिंडीत पोहोचलो तर दोघे गायब. हाका मारल्यावर मागच्या एका नाळेतून आवाज आला. खाली अपाचे जंक्शनचे दिवे लागलेले दिसले, म्हणून हे 'सरळ खाली' निघाले होते. घसाऱ्यावरून बसत, घसरत उतरले आणि कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी अडकले. पुढे सरळ कडा. या पर्वताची पश्चिम बाजू बहुतेक ठिकाणी अशीच तुटलेली आहे. दिवे दिसतात म्हणून वाट असते असं नाही. त्यांना परत वर यायला तासाहून जास्त लागला, शर्टाच्या बाह्या कॅटक्लॉने फाडल्या त्या वेगळ्याच. तोवर मिट्ट काळोख. सायफन ड्रॉचा वरचा भाग उभा, सुट्या दगडांचा. फ्लॅटआयर्नखालच्या दहा-बारा फुटांच्या रॉकपॅचला तर दोन्ही हात लागतात. यांच्याकडे हेडटॉर्च नव्हते, मोबाईलचे दिवे. एक हात मोबाईलला, मग दगड कुठल्या हाताने धरणार? आमचे हेडटॉर्च त्यांच्या डोक्याला बांधून एकेकाला उतरवलं.

म्हणून माझा शिरस्ता: उजाडताना चालायला लागायचं, आणि दुपारी एकपर्यंत निम्मी धार झाली नसेल तर आल्या वाटेने मागे. जीपीएसचा ट्रॅक आधी उतरवून ठेवायचा. दगड रचलेली प्रत्येक खूण खरी मानायची नाही, चुकलेली माणसंही दगड रचतात.

हाफ पँट घालू नका. शिनडॅगर म्हणजे इथलं बुटकं घायपात, त्याची टोकदार पाती बरोबर नडगीच्या उंचीवर असतात.

चोया निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला तर हाताने ओढू नका, काट्यांना उलटे दाते असतात आणि गोळा पायातून निघून हातात रुततो. गोळा आणि कातडी यांच्यामध्ये जाड दातांचा कंगवा घालून झटका द्या. समोर कुणी नाही ना ते बघून! उरलेले काटे चिमट्याने. दोन रुपड्यांचा कंगवा, पण सांगूनही आणत नाहीत.

उबदार दिवस असेल तर हात टाकण्याआधी खोबणीत बघा, रॅटलस्नेक हिवाळ्यातही ऊन खायला येतो.

आणि गाड्या. एक गाडी डचमनला ठेवून दुसरीने कार्नी स्प्रिंग्जला जायचं. डचमनच्या गाडीची किल्ली कुणाकडे आहे, हे कार्नी स्प्रिंग्जची गाडी बंद करण्याआधी मोठ्याने विचारा. "माझ्या जॅकेटात होती" आणि जॅकेट डोंगरापलीकडच्या डिकीत, हा संवाद रात्री आठ वाजता ऐकायला फार वाईट लागतो.